साडेतीनचा पाढा

मु. आंबेवंड, कडेगावजवळ
२४ नोव्हेंबर १९७४

नाना,

पाकिटावर आईचं नाव आहे. तुझं पत्र आलं तर मी फोडणार नाही, असं तुम्ही फलटणच्या स्टँडवर चार लोकांसमोर सांगितलंत, म्हणून हे पत्र आईला आहे. आईला वाचता येत नाही, तेव्हा ते तुम्हालाच तिला वाचून दाखवावं लागणार. मोठ्याने वाचा, तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तुम्ही मला शिकवलंत आणि त्याच घरात बसलेल्या तिला नाही, हे मला आजवर खटकलं नव्हतं. इथे येऊन खटकायला लागलं. इथे मला बऱ्याच गोष्टी खटकतात.

ओळखीने फलटणच्या कन्याशाळेत जागा मिळत असताना मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आले, याचा तुम्हाला राग आहे. तो धरा. पण एक तक्रार माझीही आहे. तुम्ही आयुष्यभर सरकारी शाळेत मास्तर होतात आणि स्वतःच्या मुलीला मात्र चौथीपर्यंत त्या शाळेत पाऊल टाकू दिलं नाहीत. शिव्या शिकेल, उवा होतील, म्हणून. खिडकीखाली चटई टाकून मला एकटीला शिकवलंत. त्यामुळे वर्ग म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. जूनमध्ये चौथी माझ्याकडे दिली, तेव्हा मी तुमच्याच पद्धतीने एकेका मुलाला जवळ बोलावून वजाबाकी समजावायला लागले. एकाची वजाबाकी होईपर्यंत बाकीच्यांनी वर्गात शेळी आणून बाकावर उभी केली. ट्रेनिंगला शेळीबद्दल काही सांगितलं नव्हतं.

आणि ती औटकी. पावकी, निमकी समजू शकते, पण साडेतीनचा पाढा मला रडवून पाठ करून घेतलात. पाचवीत कन्याशाळेत गेले आणि तो म्हटला, तर वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. नवीन पैसे आल्यापासून तो पुस्तकातून गेला होता, हे तुम्हाला माहीत नव्हतं का? हे मी चौदा वर्षांनी विचारते आहे, उत्तराची घाई नाही.

वर्गाचं सांगते. गावातल्या बागाईतदारांची मुलं आहेत. पाण्याची पाळी आली की ती गायब, उसाची लावण आली की त्यांच्या बहिणी गायब. पलीकडच्या बौद्ध वस्तीतली मुलं मात्र एक दिवस चुकवत नाहीत. पलटणीतून पेन्शनीत आलेले धोंडीबा म्हणून आहेत, ते रोज सकाळी त्यांना रांगेने आणून सोडतात आणि संध्याकाळी काय शिकवलं याची चौकशी करतात. माझी नव्हे, मुलांची. पण मला धाक वाटतो.

आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. गायरानात पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, आणि चारसहा मुलं शाळेच्या दारात. आमचे मुख्याध्यापक लालासाहेब गुरुजी म्हणाले, बसू दे व्हरांड्यात, पटावर घेऊ नका. ही मुलं उन्हाळ्यात टोळीबरोबर जातात, परीक्षेला नसतात, आणि नाव पटावर असलं की ती नापासात धरली जातात. निकाल आधीच तालुक्यात शेवटून दुसरा आहे.

मी नियम दाखवला. ते म्हणाले, बाई, नियम मलाही येतात.

त्या मुलांत हरणा म्हणून एक मुलगी आहे, माण तालुक्यातली. तिची आई रंगुबाई पदराच्या गाठीतून तिसरी पास झाल्याचा दाखला सोडून मला म्हणाली, "बाई, व्हरांड्यातच बसवायची आसंल तर शाळा कशाला? सावलीला झाडं बी हायती की." मी नाव पटावर घेतलं. गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.

पन्नास मुलांना एकदम भागाकार कसा शिकवायचा, एवढंच कळवा. कार्डावर मावेल.

कुमुद


मु. आंबेवंड
१९ जानेवारी १९७५

नाना,

कार्ड आलं नाही. तिळगूळ आईने शेजारच्यांबरोबर पाठवला, तो मिळाला. तुमच्याकडून एक शब्द नाही, म्हणजे तीळ तुमचे आणि गूळ आईचा, असं समजून खाल्ला.

गेल्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. आदल्या दिवशी लालासाहेब गुरुजींनी वर्गात येऊन कच्च्या मुलांना नावानिशी उभं केलं आणि सांगितलं, उद्या तुम्हाला सुट्टी. मुलं आनंदाने गेली. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी एकेकाच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणलं. आकाराम पाटील शाळासमितीत आहेत, त्यांचा नातू त्यातलाच. ते दारात दात घासत म्हणाले, "बाई, आमचं येडं घरात ऱ्हायलं तर झाकून ऱ्हातंय. तुमी कशाला त्येचा उरूस भरवताय?"

भरला उरूस. साहेबांनी त्याच नातवाला विचारलं, आणि तो छताकडे बघत राहिला. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. शेवटी मागून हरणा उठली. कडेवर तिचा धाकटा भाऊ होता, कारण आईबाप फडात गेले की त्याला सांभाळायला तीच. तिने तोंडी भागाकार सांगितला, बाकीसकट. साहेबांनी अजून दोन घातले. तेही सांगितले. साहेब खूश झाले, कुणाची म्हणून विचारलं. टोळीची म्हटल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मग एप्रिलला ही असेल का तुमच्याकडे?’

तो प्रश्न अजून माझ्या मानेवर बसलेला आहे.

साहेब गेल्यावर गुरुजींनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं ओरडतील. ते हसले. तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, तुमच्या नानांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढलीत. शंभर टक्के निकाल कसा लावायचा ते त्यांनीच मला शिकवलं. कच्चं पोर परीक्षेच्या गावाला न्यायचंच नाही. तुम्ही त्यांच्या पोटच्या, आणि तुम्हालाच ठाऊक नाही?"

नाना, तुमच्या शंभर टक्के निकालाचं प्रशस्तिपत्र आपल्या देव्हाऱ्याशेजारी आहे. लहानपणी मी देवाबरोबर त्यालाही नमस्कार करत असे. गुरुजी खोटं बोलतात असं मला लिहून पाठवा. ते प्रत्येक बाबतीत थोडंथोडं खोटं बोलतात, तेव्हा याही बाबतीत बोलले असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

वर्गाचं तेच आहे. मी पन्नास जणांवर ओरडते. घसा बसला की फळ्यावर लिहिते, आणि मागचे म्हणतात दिसत न्हाई. वस्तीतल्या मुलांना बागाईतदारांची मुलं पाण्याच्या घागरीला हात लावू देत नव्हती. मी घागर माझ्या टेबलावर आणून ठेवली. आता सगळेच तहान लागल्याचं सांगून टेबलापाशी गर्दी करतात आणि भागाकार राहून जातो. तुम्ही असता तर काय केलं असतं? तुमच्या शाळेत घागर होती की नव्हती, हेसुद्धा मला माहीत नाही. मी खिडकीखाली होते.

कुमुद


मु. आंबेवंड
९ मार्च १९७५

नाना,

हे पत्र आईला वाचून दाखवण्याआधी एकदा स्वतः वाचा. यात एक काम आहे.

इकडचा ऊस संपत आला. शेवटचा महिना टोळी तुमच्याकडे फलटणच्या कारखान्याला जाणार, असं मुकादम ज्योतिबा सांगतो. मी त्याला तळ कुठे पडणार ते तीनदा विचारलं. फलटणच्या वेशीबाहेर, कालव्याच्या अंगाला. म्हणजे आपल्या घरापासून तुम्ही रोज फिरायला जाता तितकंच. परीक्षा एप्रिलअखेर. हरणा तिथे असेल.

लालासाहेब गुरुजींनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला हसत हसत लिहून दिला. पटावरचं एक नाव कमी झालं म्हणून त्यांनी मला चहासुद्धा पाजला. पण मार्चमध्ये आलेली, ऊसतोडीतली, परीक्षा तोंडावर, अशी मुलगी कोणता मुख्याध्यापक घेईल? मी ओळखते ते सगळे लालासाहेबच आहेत. तिकडच्या शाळांत मात्र तुमच्या हाताखाली तयार झालेले लोक आहेत. तुम्ही बरोबर गेलात तर नाही म्हणणार नाहीत.

आणि तिला सकाळचा तासभर शिकवा. अपूर्णांक व्हायचे आहेत. भाषा बरी आहे, पण ती ‘नाही’ला ‘न्हाई’ लिहिते. धाकटा भाऊ कडेवर असेल, त्याला आईजवळ देता येईल. तिच्या उवा मी दोन रविवार बसून काढल्या आहेत, तेव्हा तेही कारण नको.

एक गोष्ट लपवायची होती, पण मला लपवता येत नाही. मी तळावर जाऊन रंगुबाईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "बाई, आमी बौद्ध हाय. तुमचं वडील घरात घेत्यात का?"

मी म्हटलं, घेतात. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे म्हटलं, माझे वडील वाट बघतायत. मला त्यांनी घरातच शिकवलं, तसंच हिला शिकवतील.

लहानपणी पेन्सिल हरवली तरी मी ती हरवली असंच सांगत असे. आता एका बाईला तिच्या चुलीपुढे बसून खोटं सांगितलं, तेही तुमच्या नावाने, आणि वर कागदावर पत्ता लिहून दिला. हे खोटं आहे की नाही ते आता तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. तिला तुमच्या दारातून परत पाठवलंत, तर ती पोरगी पुन्हा कुठल्या शाळेच्या दारात उभी राहील असं मला वाटत नाही. रंगुबाई तशी दोनदा विचारणारी बाई नाही.

नाही म्हणायचं असेल तर होळीच्या आत एक कार्ड टाका. मी तळावर जाऊन तोंड खाली घालून सांगेन.

कुमुद


विश्रामबाग, सांगली
१८ मे १९७५

नाना,

होळीच्या आत कार्ड आलं नाही. नंतरही आलं नाही. याचा अर्थ हो असा लावावा की तुम्ही पत्र फोडलंच नाही असा, यावर मी एप्रिलभर वर्गात चुकीचे हिशेब केले.

निकाल लागला. चौथी निम्म्याच्या खाली. मी एकालाही घरी बसवलं नाही, कच्च्यांना परीक्षेच्या गावाला बैलगाडीतून नेलं, आणि ते तिथे जाऊन रीतसर नापास झाले. आकाराम पाटलांचा नातूही. ते म्हणाले, आता पेपरात छापून आणा म्हंजे झालं. वस्तीतली बहुतेक पास झाली. धोंडीबांनी मला त्याबद्दल एक नारळ दिला आणि नापास झालेल्या दोघांबद्दल अर्धा तास जाब विचारला. शाळेला आता खुलासा लिहून द्यायचा आहे, निकाल का घसरला. गुरुजींनी तो लिहायचं काम माझ्यावर टाकलं आहे. मी काय लिहू? मुलं जितकी होती तितकी मोजली, असं लिहिलं तर खुलासा म्हणून चालेल का?

सुट्टीत घरी यावं असं आईने निरोपाने कळवलं. येता आलं नाही. उन्हाळी प्रशिक्षणाला इथे विश्रामबागेत पाठवलं आहे. निकाल वाईट असलेल्या शिक्षकांना बोलावतात. बोलावलं नसतं तरी आले असते की नाही, माहीत नाही. घरी येऊन खिडकीखाली कुणी बसलं होतं का, हे विचारायचं, आणि नाही असं ऐकायचं, हे मला जमलं नसतं.

आईनेही त्या निरोपात हरणाचं काही सांगितलं नाही. निरोप आणणारा बांगडीवाला होता, तो निम्मं विसरतो. मी त्याला तिथेच उभा करून अजून काही होतं का म्हणून चार वेळा विचारलं. तो म्हणाला, लोणचं होतं, पण ते फुटलं.

या पत्रालाही उत्तर नको.

कुमुद


मु. आंबेवंड
२३ नोव्हेंबर १९७५

नाना,

दिवाळी झाली, टोळ्या आल्या. पहिल्या दिवशी मी मुद्दाम फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. शाळेच्या दाराकडे पाहायचं नव्हतं.

मागून आवाज आला, "बाई, पाचवीत जायाचं हाय."

हरणा. उंच झाली आहे. कडेवरचा भाऊ आता खाली उभा राहून तिच्या परकराला धरून होता. तिच्या हातात तुमच्या अक्षरात नाव घातलेलं पाकीट, आत गुणपत्रिका. गणितात केंद्रात पहिली. लालासाहेब गुरुजींनी ती कागदाला नाक लावून वाचली आणि मला म्हणाले, बाई, ही आपल्या पटावर असती तर निकालाला केवढा हातभार लागला असता, तुम्ही तिला जाऊ कशी दिलीत? मी त्यांना त्यांनीच पाजलेल्या चहाची आठवण करून दिली. त्यांनी या वेळी स्वतःच्या हाताने तिचं नाव पटावर घेतलं. व्हरांड्याचं नाव काढलं नाही.

मग मी तिला घेऊन चिंचेखाली बसले आणि सगळं विचारलं. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मला ते एका दहा वर्षांच्या मुलीकडून तुकड्यातुकड्याने काढावं लागलं, मध्ये मध्ये तिच्या भावाच्या तोंडातून चिंचोके काढत.

तुम्ही पहिल्या दिवशी दारात आलात आणि ओट्याकडे बोट केलंत, इथे बसव म्हणून. खरं ना? रंगुबाई बसली नाही. लेकीचा हात धरून पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, लेकीला घरात शिकवलं म्हणून. तुमच्या लेकीला जितं बसवलं तितंच हिला बसवा. न्हाईतर जातू आमी."

नाना, ती खरंच गेली असती.

हरणा म्हणते, आजोबा दारातच हुबं ऱ्हायलं. मग आतून आज्जी आली, आणि तिने खिडकीखाली चटई टाकली. माझी. ती अजून आहे, हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही तिला शाळेत घेऊन गेलात तेही सांगितलं. तिथले मुख्याध्यापक नाही म्हणाले, निकालाचं कारण दिलं. तुम्ही काय म्हणालात ते हरणाने मला तुमच्याच आवाजात करून दाखवलं. तिला नक्कल चांगली येते. "असल्या पोराला नाही म्हणायचं, हे तुला मीच शिकवलंय. आता मीच सांगतो, घे."

मी जानेवारीत एक गोष्ट विचारली होती. त्याचं उत्तर तुम्ही मला सोडून त्या मुख्याध्यापकाला दिलंत, आणि ते मला दहा महिन्यांनी चिंचेखाली मिळालं. तीनशे मैलांवरून आल्यासारखं. फलटण इथून एका दिवसाची एस.टी. आहे, नाना. कार्ड त्याहून लवकर येतं.

तिने अजून एक सांगितलं. रोज शिकवून झालं की तुम्ही तिला विचारायचात, तुझ्या बाई वर्गात रागावतात का? ती म्हणायची, लय. मग तुम्ही विचारायचात, जेवतात का वेळेवर? ती म्हणायची, म्हाईत न्हाई. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हरणाला वाटलं, आजोबांना विसरायला होतं.

जेवते. वेळेवर नाही, पण जेवते. आईला सांगा.

आता मुख्य तक्रार. अपूर्णांक करून घ्या म्हणून मी स्पष्ट लिहिलं होतं. ते तुम्ही करून घेतलेत, मान्य. पण काल पाचवीच्या गुरुजींनी तिला पाढे विचारले तर ती तीसपर्यंत म्हणून थांबली नाही. हात मागे बांधून, डोळे मिटून, मी म्हणत असे तशी डोलत, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. वर्ग हसायला लागला. मी शेजारच्या वर्गातून उठून गेले. मला वाटलं, ती रडेल. ती थांबून वर्गाकडे बघत राहिली, आणि हसणारे गप्प झाल्यावर पुढचं म्हणाली. कुठे अडखळलीस तर आजोबा काय करायचे, म्हणून मी नंतर विचारलं. म्हणाली, "आजोबा काय करत न्हाईत. आज्जी चुलीपास्नं सांगायची फुडचं."

आईला औटकी येते, हे मला सव्वीस वर्षांत कळलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं का?

अठरा वर्षांमागे अभ्यासक्रमातून गेलेला पाढा परीक्षेच्या महिन्यात शिकवायचं काय कारण होतं, ते मला समजलेलं नाही आणि पटलेलंही नाही. तिचे दहा दिवस गेले असतील त्यात. पाचवीच्या परीक्षेतही तो येणार नाही.

टोळी मार्चमध्ये पुन्हा तिकडे येईल. तोपर्यंत चटई गुंडाळून ठेवू नका. मी नाताळच्या सुट्टीत येते आहे. पन्नास जणांना एकदम भागाकार कसा शिकवायचा ते तोंडी सांगा, कार्ड राहू दे. आणि आईला पाटी आणून ठेवा. औटकी तोंडपाठ असलेल्या बाईला ‘क’ काढायला किती वेळ लागतो, ते मला बघायचं आहे.

हे पत्र मोठ्याने वाचा.

कुमुद